सतरा-सीची प्रत

सहा वाजून गेले तरी रांगेत अकरा जण उभे होते. २० नोव्हेंबर २०२४, बुधवार, वसई विधानसभा मतदारसंघातल्या एका शाळेचा तळमजला. केंद्राध्यक्षांनी रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे पुढे चिठ्ठ्या वाटत आणल्या. शेपटाकडून सुरुवात केली की मागून कोणी घुसत नाही, हे निवडणुकीच्या कामातले जुने शहाणपण. सव्वासहाच्या सुमारास शेवटचे बटण दाबले गेले, लांब ‘पीं’ वाजले आणि दिवसभर गजबजलेली खोली एकदम शांत झाली.

मतदान प्रतिनिधींच्या बाकावर सकाळी पाच जण होते. आता उरले होते दोघे, आणि त्यातला एक मोबाइल परत कधी मिळणार एवढेच विचारत होता. दुसरे म्हणजे सर. माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाले तरी पापडीच्या बाजारात भाजीवालीसुद्धा त्यांना ‘सर’च म्हणते. नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे. “माझं नाव महत्त्वाचं असतं तर मी उमेदवारच झालो नसतो का?” हा त्यांचा हिशेब.

केंद्राध्यक्षांनी कंट्रोल युनिटवरचे रबरी टोपण उघडून ‘क्लोज’ दाबले. मग ‘टोटल’. पडद्यावर आकडा आला ७१३. मतदारांच्या नोंदवहीत मात्र शेवटचा अनुक्रमांक होता ७१४.

“सर, एकाचाच तर फरक आहे. सातशे तेराच लिहू दोन्हीकडे?” केंद्राध्यक्ष तरुण होते, पहाटे चारपासून जागे होते आणि बाहेर बस उभी होती. त्यांचा स्वर चोराचा नव्हता, दमलेल्या माणसाचा होता. सरांनी नोंदवहीचा शेरा लिहायचा रकाना दाखवला. “तिथं बघा. एक आजोबा सही करून, शाई लावून घेऊन, मशीनपर्यंत जाऊन परत आले होते. बटण दाबायचं नाही म्हणाले.” पाने उलटली गेली. शेरा सापडला, दुसऱ्या क्रमांकाच्या मतदान अधिकाऱ्याच्या गिचमीड अक्षरात. मग नमुना सतरा-सी हवा तसा भरला गेला. नोंदवहीनुसार मतदार ७१४, मत न नोंदवण्याचे ठरवलेले १, मतदान करू न दिलेले ०, यंत्रानुसार मते ७१३. हिशेब जुळला. खाली केंद्राध्यक्षांची सही, प्रतिनिधींची सही, आणि एक साक्षांकित प्रत सरांच्या हातात. ती त्यांनी चार घड्या घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. रिक्षात बसल्यावर दोनदा चाचपून पाहिली.

ईव्हीएम तपासायचे म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर स्क्रूड्रायव्हर घेतलेला इंजिनियर येतो. सरांच्या लेखी तपासणी म्हणजे तो घडी घातलेला कागद. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९-एस हा नियम सांगतो की मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने नोंदलेल्या मतांचा हिशेब सतरा-सी मध्ये भरायचा आणि हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची खरी प्रत द्यायची. मशीन पुढे कुठेही गेले, कुठल्याही स्ट्राँगरूममध्ये कितीही दिवस राहिले, तरी मोजणीच्या दिवशी त्या केंद्राची बेरीज ७१३च यायला हवी. ७१२ नाही, ७१४ नाही. त्यासाठी चिप कळायची गरज नाही, पण त्या बाकावर शेवटपर्यंत कोणी बसलेले मात्र लागते.

आणि नेमके तिथेच घोडे पेंड खाते.

सरांनी नोकरीत असताना कितीतरी निवडणुका केंद्राध्यक्ष म्हणून काढल्या. शिक्षकाला राहत्या मतदारसंघात सहसा नेमत नाहीत, म्हणून वसईचा मास्तर कधी बोईसरकडे, कधी विक्रमगडच्या पाड्यावर. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचे, रात्री वर्गातली बाके जोडून झोपायचे, पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान. सगळे त्याला मॉक पोलच म्हणतात. किमान ५० मते टाकायची, प्रतिनिधींच्या समोर, प्रत्येक उमेदवाराला काही ना काही. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. प्रशिक्षणात हे ‘सीआरसी, सीआरसी’ म्हणून पाढ्यासारखे घोकून घेतात, कारण क्लिअर करायचे विसरले तर ती पन्नास खोटी मते दिवसभराच्या खऱ्या मतांत मिसळतात. असे घडतेही. तसे मशीन तेव्हा मोजणीत बाजूला ठेवत आणि विजयाचे अंतर त्यातल्या मतांपेक्षा मोठे नसेल तेव्हाच त्याचा विचार होई. मतदाराला मताची चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्रातल्या मॉक पोलच्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात मोहोरबंद करायच्या. व्हीव्हीपॅटच्या पेटीत खाली एकही चिठ्ठी राहिली नाही हे हात घालून दाखवायचे.

“किती प्रतिनिधी हजर असायचे तेव्हा?” असे विचारले की सर हसतात. पाड्यावर पहाटे साडेपाचला कोण येणार? प्रतिनिधी आले नाहीत तर पंधरा मिनिटे वाट पाहायची आणि मॉक पोल उरकायचा. उमेदवाराच्या बाजूने यंत्र शून्यावर आहे हे बघणारा पहिला साक्षीदार तिथेच गळतो. पुढे तोच पक्ष संध्याकाळी दूरदर्शन वाहिन्यांवर यंत्राबद्दल तावातावाने बोलतो, हे सरांना आजवर पचलेले नाही.

२८ मे २०१८ चा दिवस त्यांना तपशीलवार आठवतो. चिंतामण वनगा यांच्या निधनामुळे पालघर लोकसभेची पोटनिवडणूक लागली होती. भाजपकडून राजेंद्र गावित, शिवसेनेकडून श्रीनिवास वनगा, बहुजन विकास आघाडीकडून बळीराम जाधव. व्हीव्हीपॅट यंत्रे तेव्हा तशी नवी होती आणि त्या दिवशी जिल्ह्यात ती ठिकठिकाणी अडून बसली. सरांच्या केंद्रावर साडेनऊलाच पडद्यावर बिघाडाचा संकेत आला. झोनल अधिकाऱ्याला फोन, राखीव यंत्राची वाट, बाहेर उन्हात रांग आणि रांगेत रोजगार बुडवून आलेली माणसे. फक्त व्हीव्हीपॅट बिघडले तर तेवढेच बदलायचे, पण कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट बिघडले तर सगळा संच बदलून पुन्हा मॉक पोल, हे त्यांनी त्या गर्दीत कागद काढून वाचले. नवे यंत्र येईस्तोवर काही बाया निघून गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

त्याच दिवशी भंडारा-गोंदियातही तेच झाले, तिथे ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. निवडणूक आयोगाने पुढे कारण दिले की यंत्रातला प्रकाशाचा सेन्सर प्रखर उजेडाने गोंधळला. खिडकीशेजारी ठेवलेले व्हीव्हीपॅट! तेव्हापासून सर कुठल्याही केंद्रात शिरले की आधी खिडक्या मोजतात.

पालघरात एक वाद आणखी झाला. मतदान संपल्यावर आधी ४६.५० टक्के असा आकडा आला आणि नंतर तो ५३.२२ वर गेला. रात्रीत मते वाढली कशी, असा सवाल शिवसेनेने केला. गावितांचा विजय २९,५७२ मतांचा होता. सहा वर्षांनी हाच प्रश्न राज्यभर मोठा होऊन आला. २०२४ च्या विधानसभेला संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के आणि अखेर ६६.०५. विक्रोळीतल्या एका मतदाराने त्यावर उच्च न्यायालयात दाद मागितली. सहानंतरच्या पंच्याहत्तर लाखांहून अधिक मतांचा हिशेब द्या, असे त्यांचे म्हणणे होते. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली.

सर या वादात दोन्ही बाजूंना थोडे टोचतात. दर दोन तासांची टक्केवारी कशी तयार होते ते त्यांनी स्वतः केले आहे. झोनलचा फोन येतो, रांग ओसंडत असते, अधिकारी नोंदवहीवर नजर टाकून अंदाजे आकडा सांगतो, कधी मागच्या तासाचाच पुढे ढकलतो. म्हणून पाचचा आकडा नेहमी कमी. पक्का आकडा एकच, सतरा-सीवरचा. “मग तो सगळ्यांना दाखवा ना,” असे ते लगेच पुढे म्हणतात. इथे आयोगाची बाजू त्यांना लंगडी वाटते. मे २०२४ मध्ये आयोगाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की सतरा-सी उमेदवार आणि त्याच्या प्रतिनिधीखेरीज इतरांना देण्याची कायद्यात तरतूद नाही. म्हणजे ज्याच्या मताचा तो हिशेब, तो मतदार बाहेर. एका पानाचा कागद, राज्यात लाखाच्या घरात केंद्रे, प्रत्येक केंद्रावर फोटो काढू शकणारा अधिकारी. त्याच रात्री ती सगळी पाने सार्वजनिक केली असती तर अर्ध्या अफवा उजाडायच्या आत विझल्या असत्या. या मुद्द्यावर सरांशी वाद घालायला फारसे कोणी सापडत नाही.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. वसईत भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांनी बहुजन विकास आघाडीचे हितेंद्र ठाकूर यांना ३,१५३ मतांनी हरवले. शेजारच्या नालासोपाऱ्यात क्षितिज ठाकूर भाजपच्या राजन नाईक यांच्याकडून पडले, तिथले अंतर कितीतरी मोठे. वसई-विरारच्या राजकारणात हा भूकंपच. चहाच्या टपरीवर, चर्चच्या आवारात, विरार लोकलच्या दारात आठवडाभर एकच विषय. जो तो मशीनबद्दल ठामपणे बोलत होता, कोणी ‘सेटिंग’ म्हणून, कोणी ‘रडीचा डाव’ म्हणून. सरांनी कुणालाही उत्तर दिले नाही. त्यांनी वहीचे पान काढले.

समजा मतदारसंघात ३५० केंद्रे आहेत. समजा कुणाला ३,१५३ चे अंतर यंत्रातून उलटे करायचे आहे. एका यंत्रात शंभर मते इकडची तिकडे केली तर अंतर दोनशेने बदलते. म्हणजे सोळा यंत्रे पुरतात. आता व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्या त्या पाच केंद्रांच्या, चिठ्ठी टाकून निवडलेल्या. त्या पाचांत बिघडवलेल्या सोळांपैकी निदान एक सापडण्याची शक्यता किती? गणित शाळेतलेच आहे. उत्तर येते शंभरात सुमारे एकवीस. पाचाऐवजी पन्नास केंद्रे मोजली तर तीच शक्यता नव्वदच्या वर जाते.

“म्हणजे गडबड झाली असं म्हणताय?” असे पत्नीने विचारले तेव्हा त्यांनी मान हलवली. असे झाले असे ते अजिबात म्हणत नाहीत. अंतर अटीतटीचे असेल तिथे पाच हा नमुना पुरत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. पाचाचा आकडा आला सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशातून. त्याआधी विधानसभा क्षेत्रामागे एकच केंद्र मोजत, आणि एकवीस पक्षांनी निम्म्या यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी केली होती. आयोगापुढे भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या तज्ज्ञांचा अहवालही होता, देशभरात मिळून ४७९ यंत्रे तपासली तरी पुरे असे सांगणारा. संपूर्ण देश हे एकच पातेले मानले तर ते बरोबर. पण निवडणूक देशाच्या पातेल्यात शिजत नाही, प्रत्येक मतदारसंघाची चूल वेगळी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून वेगळी रीत धरली. विजयाचे अंतर जितके कमी तितक्या जास्त मतपत्रिका हाताने पडताळायच्या. मोठा विजय असेल तर मूठभर पुरतात. सरांना हे इतके साधे वाटते की आपल्याकडे ते का होत नाही याचे कारण तांत्रिक असेल यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

मोजणीच्या सभागृहातले दृश्य त्यांनी दोनदा आतून पाहिले आहे. चौदा टेबले, मध्ये तारेची जाळी, जाळीपलीकडे मतमोजणी प्रतिनिधी मान उंचावून. यंत्र टेबलावर आले की आधी हिरव्या कागदी मोहोरेचा क्रमांक आणि कंट्रोल युनिटचा क्रमांक जुळवायचा. मग ‘रिझल्ट’. पडद्यावर उमेदवार क्रमांक एक, मते अमुक, दोन, तमुक. ज्याच्याकडे सतरा-सीची प्रत असते तो एकूण आकडा लगेच पडताळतो. बाकीचे समोरचा आकडा उतरवून घेतात आणि मान डोलावतात. शेवटी एका डब्यात केंद्रांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या हलवून पाच काढतात आणि त्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या बँकेतल्या कॅशिअरसारख्या जाळीच्या पिंजऱ्यात मोजतात. कप्प्याकप्प्यांत चिन्हे वेगळी, मग पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. २०२४ च्या विधानसभेला राज्यातल्या २८८ मतदारसंघांत मिळून १,४४० केंद्रांची अशी मोजणी झाली आणि कुठेही तफावत आढळली नाही, असे मुख्य निवडणूक अधिकारी कार्यालयाने जाहीर केले. सरांनी हे वहीत लिहून ठेवले आहे, आपल्याच एकवीस टक्क्यांच्या खाली. वसईचे गणित एका क्षेत्राचे. सगळ्या राज्यात १,४४० पैकी एकही चुकू नये हाही पुरावाच आहे, आणि तो दुबळा नाही.

निकाल लागल्यावर त्यांचे खरे काम सुरू होते. नमुना २०, म्हणजे केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रक, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर येते आणि ते कुणालाही उतरवून घेता येते. सरांनी ओळखीपाळखीतून काही केंद्रांच्या सतरा-सीच्या प्रती मिळवल्या. सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींकडून, कारण ते सगळेच त्यांचे माजी विद्यार्थी. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला नातीचा लॅपटॉप. मिळालेल्या प्रती निकालपत्रकाशी जुळल्या. न मिळालेल्या कितीतरी अधिक. कुणी हरवली होती, कुणी घेतलीच नव्हती. एकाने दुपारीच कोऱ्या नमुन्यावर सही करून दिली होती आणि वडापाव खायला गेलेला परत फिरकला नव्हता. त्या पोराला सरांनी जे सुनावले ते छापण्याजोगे नाही.

कागदावरच्या आकड्याने काय होऊ शकते हे हरियाणातल्या बुआना लाखू या गावाने दाखवले. पानिपत जिल्ह्यातल्या या गावात २ नोव्हेंबर २०२२ रोजी सरपंचाची निवडणूक झाली. ६९ क्रमांकाच्या केंद्रावर आकड्यांची गल्लत झाली आणि हरलेला विजयी ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्रे दिल्लीला आणून न्यायालयाच्या आवारातच फेरमोजणी झाली. मोहित कुमार १,०५१, कुलदीप सिंह १,०००. जवळजवळ तीन वर्षांनी सरपंच बदलला. यंत्रात आकडा पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चुकला तो उतरवणारा हात. सरांनी ही बातमी कापून दप्तरात ठेवली आहे आणि नव्या प्रतिनिधींना ते ती वाचायला लावतात.

उलट, यंत्राकडे टक लावून बसलेल्यांनी टपालाकडेही बघावे, याचा दाखला घरापासून फार लांब नाही. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्य मतदारसंघात ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर रवींद्र वायकरांपेक्षा एका मताने पुढे होते. टपाली मते कीर्तिकरांना १,५०१ आणि वायकरांना १,५५०. निकाल वायकरांच्या बाजूने ४८ मतांनी. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका झाली, डिसेंबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली.

मग यंत्राच्या पोटात शिरायचा मार्ग नाहीच का? आहे, पण तो मतदारासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी २६ एप्रिल २०२४ रोजी मतपत्रिकांकडे परत जायला नकार दिला, पण दोन गोष्टी दिल्या. व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हे भरणारे उपकरण निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवायचे. आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत लेखी मागणी केली तर विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांचा मायक्रोकंट्रोलर तपासायचा, त्याच्या खर्चाने. सुरुवातीला हा खर्च एका संचामागे ४० हजार रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ४७,२००. अहमदनगरला लोकसभेत हरलेल्या सुजय विखे-पाटलांनी चाळीस केंद्रांची मागणी केली होती. त्या खर्चाचा गुणाकार वाचकाने करून पाहावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयानेच ही रक्कम जास्त असल्याचे म्हटले आणि तपासताना यंत्रातली माहिती पुसू नका असेही सांगितले.

साध्या मतदाराला उरते ती निवडणूक याचिका. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार ती त्या मतदारसंघातला कोणताही मतदार करू शकतो. ४५ दिवसांत, उच्च न्यायालयात, दोन हजार रुपये अनामत भरून. वकिलाची फी वेगळी. पुण्याच्या पर्वती मतदारसंघातल्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या अशाच याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका केंद्राचे यंत्र न्यायवैद्यक तपासणीसाठी हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवायला लावले होते. छेडछाड आढळली नाही. त्यापूर्वी, २०१० मध्ये, संशोधक हरी प्रसाद आणि त्यांच्या दोन परदेशी सहकाऱ्यांनी ईव्हीएमवर प्रयोग करून आकडे कसे बदलता येतात ते दाखवले, तेव्हा ते यंत्र मुंबईच्या सरकारी गोदामातून आल्याचा आरोप ठेवून हरी प्रसादांना अटक झाली. आयोगाकडून अधिकृतपणे यंत्र मिळाले असते तर ही वेळच आली नसती, एवढे सर म्हणतात आणि विषय सोडतात.

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने तिसराच रस्ता धरला. २०२४ च्या विधानसभेत मतदारसंघातून राष्ट्रवादी शरद पवार गटाचे उत्तम जानकर निवडून आले, पण गावात मात्र भाजपचे राम सातपुते पुढे होते, १,००३ विरुद्ध ८४३. हे पटेना म्हणून गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकांवर स्वतःच मतदान घ्यायचे ठरवले. मंडप उभा राहिला. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान होऊ शकले नाही, उलट गुन्हे दाखल झाले. त्या मतदानाला कायद्याची किंमत शून्य, हे खरे. दोन आठवड्यांनी, उघड्या मंडपात, शेजाऱ्याच्या देखत दिलेले मत तेच असेल याचीही खात्री नाही. पण आपले मत आपल्याला दिसावे यासाठी एक अख्खे गाव स्वतःच्या खर्चाने उभे राहते, ही गोष्ट जमावबंदीने मिटवायची होती का? जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी मतदान यंत्रे रद्द ठरवली ती छेडछाड सापडली म्हणून नव्हे. मोजणीचे टप्पे खास ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळता आले पाहिजेत, असे न्यायालय म्हणाले. मारकडवाडीला ते जर्मन शब्द ठाऊक नसतील.

मारकडवाडीने सरांच्या मनात एक वेगळीच टोचणी ठेवली. गावात कुणाला किती मते पडली हे गावाला कळले ते केंद्रनिहाय निकालामुळे. जो नमुना २० सर जपून ठेवतात, त्याच्यामुळेच पुढाऱ्यालाही कळते की कुठल्या पाड्याने हात दिला आणि कुठल्याने दगा. मग पाण्याचा टँकर कुठे आधी जातो हे त्यांनी नोकरीत पाहिलेले आहे. अनेक केंद्रांची मते एकत्र करून मोजणारे टोटलायझर आयोगाने सुचवले होते, सरकारने ते स्वीकारले नाही. स्वीकारले असते तर गुप्तता वाढली असती आणि सरांचा टेबलावरचा ताळा बंद पडला असता. यातले काय बरे, याचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.

१५ जानेवारी २०२६ ला वसई-विरार महापालिकेचे मतदान झाले. ११५ जागा, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, म्हणून एका मतदाराची चार मते. अ गटाला पांढरी, ब ला गुलाबी, क ला पिवळी, ड ला निळी मतपत्रिका. आणि व्हीव्हीपॅट नाही. राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांत ते वापरणार नसल्याचे आधीच सांगितले होते. सात सेकंद काचेतून दिसणारी चिठ्ठीही गेली, उरली ती फक्त डोक्यांची मोजदाद.

त्या दिवशी सर केंद्रात बसले नाहीत. बसली ती त्यांच्या इमारतीतली एकवीस वर्षांची मुलगी, पहिल्यांदाच प्रतिनिधी झालेली, डब्यात चपाती-भाजी आणि दोन सुकेळी घेऊन. सहाच्या सुमारास सर शाळेच्या फाटकाबाहेर उभे होते. ती बाहेर आली. मोबाइल आत चालत नाही म्हणून तिने मशीनचा क्रमांक आणि एकूण मतांचा आकडा मतदार चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिला होता, बोटाला मार्करची शाई तशीच. सरांनी चष्मा वर करून चिठ्ठी दिव्याखाली धरली.

“हा सहा आहे की शून्य?”

तिने पाहिले. तिलाही सांगता येईना. पेट्या अजून गाडीत चढायच्या होत्या. ती वळली आणि पळतच आत गेली.